दऱ्या आणि दर्या : एका पुस्तकाच्या छपाईचे प्रकरण

सह्याद्रीतील घाटवाटांवरचे २७२ पृष्ठांचे एक पुस्तक आम्ही पावसाळ्याच्या अखेरीस छापायला दिले. निर्मितीची जबाबदारी माझ्याकडे होती. अक्षरजुळणी पूर्ण झाल्यापासून बांधलेल्या प्रती गोदामात पोहोचेपर्यंत जे घडेल किंवा बिघडेल, त्याचे उत्तर मला द्यायचे होते. मुद्रितशोधनाची तीन वाचने झाली होती, अंतिम प्रुफावर लेखकाची आणि माझी सही होती, आणि तरीही पाचवा फर्मा, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पृष्ठांचा पाचवा गट, मशीनवर असताना छपाई थांबवावी लागली. हे का घडले, त्या दिवशी काय ठरवले आणि पुढे काय केले, ते सविस्तर लिहिते, कारण युनिकोडमधील मराठी मजकूर पुस्तकात आणणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते आणि नेहमीच्या पद्धतीने प्रुफे वाचून ही चूक सापडत नाही.

पुस्तक आणि कागदाचा हिशेब

पुस्तक डेमी आकाराचे होते. २३ × ३६ इंचांचा ताव मधोमध कापला की १८ × २३ इंचांचे दोन अर्धे ताव मिळतात आणि अशा एका अर्ध्या तावाच्या दोन बाजूंवर मिळून डेमीची १६ पृष्ठे बसतात. या १६ पृष्ठांचा एक फर्मा, ज्याला छापखान्यात सगळे फॉर्मच म्हणतात. १००० प्रतींसाठी एका फर्म्याला १००० अर्धे ताव, म्हणजे ५०० पूर्ण ताव, म्हणजे बरोबर एक रीम कागद लागतो. आमचे १७ फर्मे होते, म्हणून १७ रीम आणि मशीन लावताना वाया जाणारा कागद त्यावर. ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम, वजनाच्या कागदाची या आकाराची एक रीम सुमारे १८.७ किलो भरते. हा हिशेब आधीच सांगते, कारण पुढचा निर्णय त्यावरच उभा राहिला.

बांधणीबाबत मी सुरुवातीपासून आग्रही होते. घाटवाटांचे पुस्तक लोक पाठपिशवीत घालून डोंगरात नेतात, दगडावर उघडे ठेवतात, नकाशा पाहण्यासाठी पूर्ण उलगडतात. नुसत्या गोंदावरची बांधणी अशा वापरात टिकत नाही, म्हणून फर्मे दोऱ्याने शिवूनच बांधायचे ठरले. कागदाच्या तंतूंची दिशा, म्हणजे छापखान्याच्या भाषेत ग्रेन, पुस्तकाच्या पाठीला समांतर असली पाहिजे, नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही आणि दमट हवेत पाठीजवळ लाटा पडतात. आमच्या मांडणीत त्यासाठी तावाचा ग्रेन ३६ इंचांच्या बाजूने हवा होता. कागद आल्यावर त्याची एक पट्टी एका बाजूने ओली करून ती कोणत्या दिशेने गुंडाळते ते मी स्वतः पाहिले. कागद बरोबर होता. रंगीत छायाचित्रांची आठ पृष्ठे आर्ट पेपरवर वेगळी छापून झाली होती, त्यात काही अडचण आली नाही.

प्रकाशन समारंभ दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, पुण्यात टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात ठरला होता. छपाई सुरू झाली तेव्हा हातात १६ दिवस होते.

अंतिम प्रुफानंतर काय झाले

लेखकाने पहिली काही प्रकरणे घरच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिली होती. उरलेली प्रकरणे, बहुतेक प्रवासात असताना, त्यांनी फोनवर वेगळ्या कळफलकाने लिहून पाठवली. मजकूर एकत्र झाला तेव्हा डोळ्यांना दोन्हींत काहीच फरक दिसत नव्हता, पण आत फरक होता.

मराठीत ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे य. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ वापरली की हा ऱ मिळतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. हे जोडचिन्ह पडद्यावर दिसत नाही, कागदावर छापले जात नाही, त्याला रुंदीही नाही. त्याचे काम एवढेच की पुढच्या य वर रफार चढू न देता अर्धा र आडवा ठेवायचा. ते चिन्ह काढून टाकले तर मजकुराला काही झाल्यासारखे वाटत नाही, फक्त ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. खिळ्यांच्या जुळणीत हा आडवा र हातात धरता येईल असा शिशाचा तुकडा होता. तो पडला तर जुळवणाऱ्याला रिकामी जागा दिसे. आता तशी जागा राहत नाही.

अंतिम प्रुफात मुद्रितशोधकांनी तीन शब्दांच्या दुरुस्त्या दाखवल्या होत्या आणि शिवाय चाळीसेक ठिकाणी ओळीच्या शेवटी शब्द भलत्याच जागी तुटल्याच्या खुणा केल्या होत्या. ‘घाटमा’ एका ओळीत आणि ‘थ्यावर’ दुसऱ्या ओळीत, अशा प्रकारच्या. फोनवरून आलेल्या मजकुरात मधूनमधून शून्य रुंदीच्या अदृश्य जागा शिरल्या होत्या आणि अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर तेथे शब्द तोडत होते. अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणाने कारण अचूक ओळखले. त्याने एकेक ठिकाण दुरुस्त करण्याऐवजी शोधा-बदला वापरून पूर्ण पुस्तकातली सगळी अदृश्य चिन्हे एका फटक्यात काढली. तुटलेले शब्द जुळले. पण त्या अदृश्य चिन्हांमध्ये वरचे जोडचिन्हही होते आणि तेही गेले. इनस्क्रिप्टने लिहिलेली प्रकरणे जशीच्या तशी राहिली, फोनवर लिहिलेल्या प्रकरणांतला प्रत्येक ‘ऱ्य’ बदलला. हलन्त उघडा दिसावा म्हणून काही शब्दांत घातलेले वेगळे अदृश्य चिन्हही त्याबरोबर गेले, त्यामुळे काही जोडाक्षरांचे वळण बदलले. त्याने अर्थ बिघडत नाही, म्हणून त्याचा येथे विस्तार करत नाही.

दुरुस्त केलेल्या फाइलीतून माझ्याकडे तीन शब्दांची तीन पृष्ठे आणि शब्द तुटण्याच्या निवडक जागा पाहण्यासाठी आल्या. मी तेवढ्याच पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. मी छपाईला संमती दिली. या प्रकरणातला माझा दोष तो आहे, आणि तो मोठा आहे. फाइल पूर्ण उघडली गेली होती, बदल पूर्ण पुस्तकावर झाला होता, आणि मी मात्र खुणा केलेल्या जागांपलीकडे नजर टाकली नाही. अंतिम प्रुफावरची सही ही त्या प्रुफाची असते, त्यानंतर तयार झालेल्या फाइलीची नसते, हे मला माहीत असूनही मी त्या सहीच्या भरवशावर राहिले.

पाचवा फर्मा

छापखाना धायरीकडे आहे. पहिले चार फर्मे छापून झाल्यावर मी तेथे गेले. मशीनवर पाचव्या फर्म्याची बाहेरची बाजू चालू होती, म्हणजे पृष्ठे ६५, ६८, ६९, ७२, ७३, ७६, ७७ आणि ८०. मशीनमन मामांनी नेहमीप्रमाणे एक ताव ओढून तिरक्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, “ताई, शाई बघा. डाव्या अंगाला जरा फिकी वाटते का?”

छापखान्यात ताव पाहताना मजकूर वाचायचा नसतो, निदान आधी नाही. मी भिंग घेऊन काळ्या रंगाची समता पाहिली, ब्लँकेटवर, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पृष्ठभागावर, धूळ बसून अक्षरांत पांढरे ठिपके पडले आहेत का ते तपासले, मग ताव तीनदा घडी घालून पृष्ठक्रम जुळतो का ते पाहिले. या फर्म्यात पाठीच्या घडीच्या दोन्ही बाजूंना येणाऱ्या कोणत्याही जोडीची बेरीज १४५ आली पाहिजे. ७२ आणि ७३, ६८ आणि ७७, सगळे बरोबर होते. डाव्या कडेला शाई किंचित वाढवायला सांगितली. घडी उलगडताना पृष्ठ ७३ वरची तिसरी ओळ माझ्या अंगठ्याशी आली. त्यात लिहिले होते, “माथ्यावरून लिंगाण्याच्या दोन्ही अंगांना खोल दर्या दिसतात.”

पहिल्या क्षणी मला ते चुकीचे वाटले नाही. घाटमाथ्यावरून स्वच्छ हवेत पश्चिमेला समुद्राची रेघ दिसल्याची वर्णने या पुस्तकात दोन ठिकाणी आहेत आणि दर्या हा शब्द लेखकाच्या तोंडी शोभणारा आहे. मला अडवले ते ‘दिसतात’ने. दर्या एकच असतो आणि तो दिसतो. दिसतात त्या दऱ्या. मी शेजारच्या पृष्ठांवर नजर फिरवली तर ‘दुसर्या’, ‘पायर्या’, ‘गावकर्यांनी’ हे सगळे समोर होते. इतका वेळ मी त्याच ओळींवरून शाई पाहत होते.

मशीन थांबवायला सांगितले. त्या बाजूचे सुमारे ३०० ताव निघाले होते. मामांनी एक शब्द न बोलता मशीन थांबवले, प्लेटवर गोंदाचा थर दिला म्हणजे ती खराब होणार नाही, आणि मगच विचारले, “काय झालं?” मी पिशवीतून सही केलेले अंतिम प्रूफ काढून पृष्ठ ७३ त्यांच्यासमोर ठेवले. तेथे ‘दऱ्या’ होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे प्लेट बनायच्या आधीच गेलंय हे.” तेथून अक्षरजुळणीकाराला फोन केला आणि अर्ध्या तासात कारण कळले. तो त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन धायरीला आला. कोणी त्याला बोलावले नव्हते.

काय करता आले असते

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग असा की जुन्या, बरोबर असलेल्या फाइलीवर परत जायचे आणि तीन दुरुस्त्या पुन्हा करायच्या. पण सफाईनंतर फाइल त्याच नावाने साठवली गेली होती. जुनी फाइल उरली नव्हती. हाती होती ती फक्त अंतिम प्रुफाची पीडीएफ. छापखान्याच्या मालकांनी सुचवले की तीच पीडीएफ छापावी आणि दुरुस्त झालेली पृष्ठे तेवढी नव्या फाइलीतून त्यात घालावीत. अक्षरे पीडीएफमध्ये रेषांच्या रूपात असल्याने छपाईच्या दर्जाला धक्का बसला नसता. मला हा मार्ग पटला नाही, आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे. शब्द जुळल्यामुळे आणि र बदलल्यामुळे नव्या फाइलीत बऱ्याच ओळींची लांबी बदलली होती, काही परिच्छेद एका ओळीने वर सरकले होते. दोन फाइलींतली पृष्ठे एकमेकांशेजारी लावली असती तर पृष्ठाच्या शेवटी एखादी ओळ गळाली असती किंवा दोनदा आली असती. एक चूक सुधारताना दुसरी, अधिक वाईट चूक आत येण्याचा धोका होता. म्हणून जुन्या पीडीएफचा उपयोग ताडून पाहण्यासाठी करायचा आणि दुरुस्ती चालू फाइलीतच करायची असे ठरले.

छापून झालेल्या चार फर्म्यांचे काय करायचे, हा वेगळा प्रश्न होता. पहिले तीन फर्मे इनस्क्रिप्टने लिहिलेल्या प्रकरणांचे होते आणि ते निर्दोष निघाले. चौथ्यात, म्हणजे पृष्ठ ४९ ते ६४ मध्ये, शेवटी शेवटी फोनवरचा मजकूर सुरू झाला होता आणि पृष्ठ ५९ व ६२ मिळून पाच चुका होत्या. लेखकाने फोनवर मला विचारले, “पाचच आहेत तर शुद्धिपत्र नाही का चालणार?” त्यांना समारंभाची काळजी होती आणि ती रास्त होती. पण त्या पाचांपैकी एक चूक वाट सांगणाऱ्या वाक्यात होती, ‘दुसर्या पायरीपासून’ उजवीकडे वळायचे असे. वाचकाला अर्थ कळला असता, तरी ज्या पुस्तकावर भरवसा ठेवून माणूस उताराची वाट धरणार आहे त्यात अक्षरे मोडलेली दिसली की बाकीच्या तपशिलावरचाही त्याचा विश्वास डळमळतो. शुद्धिपत्र हा वाचकाकडे सोपवलेला आपला भार असतो. मी “नाही” म्हटले आणि चौथा फर्मा पुन्हा छापायचे ठरवले.

खर्च किती, तर एक रीम कागद, दोन्ही बाजूंची छपाई आणि एक प्लेट. पृष्ठे ५९ आणि ६२ दोन्ही फर्म्याच्या आतल्या बाजूला पडतात, त्यामुळे आतल्या बाजूचीच प्लेट नवी करावी लागली, बाहेरच्या बाजूची गोंद लावून ठेवलेली प्लेट पुन्हा वापरता आली. वाया गेलेले १००० ताव मशीन लावताना चालवायला छापखान्याने ठेवून घेतले. मालक म्हणाले की त्यांनी दिलेली फाइल जशीच्या तशी छापली आहे, आणि ते खरे होते. पुन्हा छपाईचे पैसे प्रकाशनाने भरले. अक्षरजुळणीकाराकडून वसूल करावे असे एक मत आले होते, त्याला मी स्पष्ट विरोध केला. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. त्याचे काम तपासणे हे माझे काम होते आणि ते झाले नव्हते.

र्य आणि ऱ्य यांची निवड

फाइलीतला प्रत्येक ‘र्य’ बदलून ‘ऱ्य’ करता येत नाही, कारण सूर्य, कार्य, मर्यादा, पर्याय, पर्यंत, आश्चर्य हे सगळे शब्द रफाराचेच आहेत. ‘पर्यंत’ तर घाटवाटांच्या पुस्तकात पानोपानी येतो. म्हणून अक्षरजुळणीकाराने ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेल्या सगळ्या शब्दांची यादी काढली, प्रत्येक शब्द एकदाच, शेजारी तो किती वेळा आला ते. मुद्रितशोधक आणि मी सदाशिव पेठेतल्या कार्यालयात रात्री अकरापर्यंत त्या यादीवर बसलो. बहुतेक शब्द क्षणात सुटले. किनाऱ्यावर, वाऱ्याने, साऱ्या, शेतकऱ्याचे, तऱ्हा, गुऱ्हाळ एका बाजूला, कार्य आणि पर्यंत दुसऱ्या बाजूला. सासवडच्या बाजूच्या एका प्रकरणातली कऱ्हा नदी ‘कर्हा’ झाली होती, ती जागेवर आणली. दर्या हा शब्द मात्र यादीवर सुटत नव्हता. तो जेथे जेथे आला तेथे तेथे पूर्ण वाक्य वाचावे लागले. दोन ठिकाणी तो खरोखर समुद्र होता आणि तसाच ठेवला.

त्यानंतर नवी पीडीएफ आणि जुनी पीडीएफ प्रत्येक पृष्ठ शेजारी ठेवून पाहिली, मजकूर न वाचता, फक्त प्रत्येक ओळीचा पहिला व शेवटचा शब्द आणि पृष्ठाची शेवटची ओळ. जेथे ओळ सरकली तेथे थांबून का सरकली ते पाहिले. २७२ पृष्ठांना दोघांना मिळून पाऊण दिवस लागला. हे काम मी छपाईला संमती देण्याआधी केले असते तर पाऊण दिवसच लागला असता. आता आमच्याकडे अंतिम प्रुफानंतर फाइल एकदा जरी उघडली गेली तरी हे पूर्ण ताडून पाहिले जाते, फाइलीच्या नावात तारीख आणि क्रमांक असतो आणि जुनी फाइल पुसली जात नाही. फॉन्ट बदलला किंवा भाषा ‘मराठी’ऐवजी दुसरी निवडली गेली तर ल आणि श यांची मराठी वळणे जातात, म्हणून त्यांच्यावरही याच वेळी नजर टाकतो.

नव्या प्लेट तिसऱ्या दिवशी तयार झाल्या. पाचवा फर्मा लावला तेव्हा मी पुन्हा धायरीला होते. पृष्ठ ७३ ची तिसरी ओळ आधी वाचली, मग शाई पाहिली, मग तावावर सही करून वेळ घातली. पुढच्या प्रत्येक फर्म्याच्या दोन्ही बाजूंचा पहिला चांगला ताव माझ्याकडे येऊन सही झाल्यावरच छपाई पुढे गेली. ते तावही छापखान्यातच एका दोरीने बांधून ठेवले आहेत. हवा अजून दमट होती, म्हणून शिवलेल्या फर्म्यांच्या पाठीला लावलेला गोंद वाळायला एक दिवस जास्त दिला. सगळ्या प्रती वेळेत बांधून होणार नाहीत हे दिसत होते, तेव्हा समारंभासाठी २०० प्रती आधी पूर्ण करून घेतल्या आणि उरलेल्या दसऱ्यानंतर आल्या.

समारंभाला तीन आठवडे झाले तेव्हा एका वाचकाचे पत्र आले. त्यांनी पुस्तकाचे कौतुक करून पृष्ठ १९८ वरचे एक वाक्य दाखवले होते. डोंगरावरच्या एका देवळातल्या भंडाऱ्याचे वर्णन आहे आणि वाक्य असे छापले आहे, “आचार्यांनी पहाटेच चुली पेटवल्या.” लेखकाने लिहिले होते ते आचाऱ्यांनी, स्वयंपाक करणाऱ्यांनी. आमच्या यादीत ‘आचार्यांनी’ हा शब्द दोनदा होता, एकदा खराच एका विद्वानांच्या संदर्भात, आणि आम्ही तो रफाराच्या बाजूला ठेवून पुढे गेलो होतो. दर्या या एका शब्दासाठी वाक्ये वाचली, आचार्यसाठी वाचली नाहीत. त्या वाचकांना मी आभाराचे पत्र लिहिले. दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलीत पहिलीच नोंद आहे ती अशी : फर्मा १३, आतली बाजू, पृष्ठ १९८, ‘आचार्यांनी’ऐवजी ‘आचाऱ्यांनी’.